कुटुंब आणि छंद : पाच मिनिटांची शर्यत, दिवसभराची तयारी



दिवाळी सरली की इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांचे दिवस एकाएकी आखूड होतात. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मैदाने ओस पडतात, शाळेतून परतलेली मुले खोलीत शिरतात आणि पडद्यासमोर बसतात. त्यांतलाच एखादा मुलगा किंवा मुलगी एके दिवशी रेडिओ-नियंत्रित मोटारींच्या शर्यतीत भाग घेण्याचा हट्ट धरते. आईवडिलांपुढे प्रश्न उभा राहतो : एवढे महागडे खेळणे घ्यावे का? आणि बाहेर गोठवणारी थंडी असताना ते चालवावे तरी कुठे?

प्रश्न रास्त आहे. व्यापारी घरात पैसा कुठे लावायचा याचा विचार आधी होतो आणि तो व्हायलाच हवा. म्हणून या महिन्यात या छंदाची, विशेषतः त्याच्या हिवाळी रूपाची, थोडी सविस्तर ओळख करून घेऊ.

खेळणे की यंत्र?

जत्रेत किंवा दुकानात मिळणारी रिमोटची गाडी आणि शर्यतीची गाडी यांत मोठे अंतर आहे. शर्यतीत सर्वाधिक चालणारी गाडी खऱ्या मोटारीच्या एकदशांश आकाराची असते. वजन सुमारे दीड किलो. तिला खऱ्या मोटारीसारखेच शॉक ॲब्सॉर्बर, डिफरन्शियल, गिअर आणि बेअरिंग असतात आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर ती ताशी पन्नास किलोमीटरचा वेग सहज ओलांडते. हातातील ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर तिला आज्ञा देतो. एक बोट वेग सांभाळते, दुसरा हात लहानसे चाक फिरवून दिशा देतो.

या उद्योगातील एका विख्यात जपानी कंपनीचा उगम आपल्या वाचकांना रोचक वाटेल. शिझुओका शहरातील तामिया ही कंपनी १९४६ मध्ये लाकडाचा व्यापार करण्यासाठी सुरू झाली. त्याच लाकडातून तिने पुढे लाकडी प्रतिकृती करावयास घेतल्या. १९५३ मध्ये लाकडाची विक्री थांबवून तिने आपले सारे लक्ष प्रतिकृतींवर केंद्रित केले आणि १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या मोटारीची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली. एका वखारीतून निघालेली ही वाट आज जगभरच्या घरांत पोहोचली आहे. शर्यतींचे नियम ठरविण्यासाठी ब्रिटनमध्ये ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशन, अमेरिकेत 'रोअर' आणि जागतिक स्पर्धांसाठी 'इफमार' अशा संघटना काम करतात.

हिवाळ्याच्या दोन वाटा

थंड प्रदेशात हा खेळ हिवाळ्यात बंद पडत नाही. तो आपली जागा बदलतो. पहिली वाट घराच्या आत जाते. ब्रिटनमधील अनेक क्लब शाळेचे किंवा क्रीडा-संकुलाचे सभागृह संध्याकाळपुरते भाड्याने घेतात, जमिनीवर गालिचा पसरतात, कडेला पट्ट्या लावून वळणे आखतात आणि रात्री सारे गुंडाळून ठेवून सभागृह मोकळे करून देतात. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत भरणारी गालिच्यावरील राष्ट्रीय स्पर्धा फार जुनी आणि प्रतिष्ठेची मानली जाते.

दुसरी वाट उघड्यावरची. कोणी थंड डांबरी मैदानावर धावतात, कोणी बर्फाच्या भुसभुशीत थरावर, तर कोणी गोठलेल्या तळ्याच्या काचेसारख्या पृष्ठभागावर. येथे गाडीइतकीच परीक्षा चालकाची होते. दोन्ही वाटांवर पुष्कळदा एक फेरी केवळ पाच मिनिटांची असते. त्या पाच मिनिटांत काय घडणार हे बहुतांशी त्याआधीच्या कित्येक तासांत ठरलेले असते. थंडीत ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते, कारण उन्हाळ्यात खपून जाणारा हलगर्जीपणा थंडीत खपत नाही.

अडकलेले भांडवल आणि बुडालेले भांडवल

आजच्या गाड्या मुख्यतः लिथियम-पॉलिमर बॅटरीवर चालतात. तिच्या एका घटाचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. दोन घट जोडले की ७.४ व्होल्टची नेहमीची बॅटरी होते. हिच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि अंतर्गत विरोध वाढतो. चालकाने वेग वाढविण्यासाठी ट्रिगर ओढला की दाब एकदम खाली येतो. गाडीतील नियंत्रकाला वाटते की बॅटरी संपली आणि तो वीज तोडतो. प्रत्यक्षात बॅटरीत ऊर्जा शिल्लक असते, पण ती त्या क्षणी हाती येत नाही.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर ही उधारीत अडकलेली रक्कम आहे. बॅटरी पुन्हा ऊबेत आली की ती वसूल होते. म्हणून जाणते खेळाडू शर्यतीच्या वेळेपर्यंत बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात किंवा जाड आवरणाच्या डब्यात ठेवतात आणि सुरुवातीच्या हाकेआधी थोडाच वेळ गाडीत बसवितात. धावू लागल्यावर ती स्वतःच्याच कामाने थोडी गरम होते आणि पुढची मिनिटे सुरळीत जातात.

दुसरी चूक मात्र बुडीत खात्यात जाते. गारठलेली बॅटरी चार्ज करणे ही ती चूक. चार्ज होताना लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांत शिरून बसतात. तापमान शून्य अंशाच्या खाली असेल तर त्यांना आत शिरण्यास वेळ लागतो. वरून वीज मात्र येतच राहते. मग लिथियम आत न जाता पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. ते पुन्हा पूर्णपणे उपयोगी पडत नाही, बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट-सर्किट होऊन आग लागण्याचा धोका उरतो. बाहेरून पाहता काहीच दिसत नाही. बॅटरी तशीच गुळगुळीत, तशीच सुबक. हानी झाली आहे हे कळते ते फार उशिरा.

यासाठी घरात काही नियम पक्के असावेत. बाहेरून आणलेली बॅटरी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान तास-दोन तास, चार्जरला लावू नये. तिला ऊब देण्यासाठी हीटरवर किंवा गरम पाण्यात ठेवू नये. खोलीची ऊब पुरेशी आहे. पाच हजार मिलिॲम्पियर-तासांच्या बॅटरीला पाच ॲम्पियरहून अधिक प्रवाह देण्याची घाई करू नये. एक तास लागतो, तो लागू द्यावा. चार्जिंग आग-रोधक पिशवीत, पडदे आणि गाद्यांपासून दूर व्हावे आणि तेवढा वेळ कोणीतरी मोठे माणूस घरात जागे असावे. आठवडाभर गाडी चालणार नसेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये, घटामागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी वापरातून काढून टाकावी. दुकानातील माल सांभाळण्याची सवय असलेल्या घराला हे नियम जड जाऊ नयेत.

तेल, प्लॅस्टिक आणि रबर

गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये सिलिकॉनचे तेल असते. थंडीत ते दाट होते. काल खोलीत बसून अचूक जुळविलेली गाडी आज मैदानावर दगडासारखी कडक होते, खाचखळग्यांवर चाके उड्या मारतात आणि वळणावर पकड सुटते. म्हणून थंडीत एक पायरी पातळ तेल भरतात. डिफरन्शियलमधील तेलाचेही तसेच. अनुभवी खेळाडू आपल्या वहीत तारीख, तापमान, तेलाचा क्रमांक, टायरचा प्रकार आणि फेरीची वेळ लिहून ठेवतात. पुढच्या हिवाळ्यात ही वही त्यांना कुठल्याही महागड्या सुट्या भागापेक्षा अधिक उपयोगी पडते. रोजकीर्द आणि खातेवहीच्या संस्कारात वाढलेल्या मुलांना हे वेगळे सांगावे लागू नये.

प्लॅस्टिकचा स्वभावही थंडीत पालटतो. उन्हाळ्यात कठड्याला धडकून नुसता वाकणारा पुढच्या चाकाचा दांडा थंडीत काडीसारखा मोडतो. हे दांडे बहुधा नायलॉनचे असतात आणि नायलॉनचा एक गुण मोठा मजेदार आहे : त्याने थोडे पाणी शोषलेले असेल तर ते अधिक चिवट राहते. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरांतील हवा कोरडी असते आणि हा ओलावा कमी होतो. म्हणून जुने खेळाडू नायलॉनचे सुटे भाग बसविण्याआधी उकळत्या पाण्यात काही वेळ ठेवतात. स्वयंपाकघरातील पातेले यासाठी वापरू नये, वेगळे ठेवावे, इतकेच सुचवितो. वरचे रंगीत कवच पॉलिकार्बोनेटचे असेल तर ते थंडीतही बरेच टिकते.

टायरची पकड रबराच्या मऊपणातून येते. गारठलेले रबर कडक होते आणि जमिनीला धरत नाही. उघड्यावर त्यासाठी अधिक मऊ रबराचे टायर निवडतात. गालिच्यावरच्या स्पर्धांत काही वर्गांतील खेळाडू टायर गरम करण्याची विजेची आवरणे वापरतात. गोठलेल्या तळ्यावर रबराचा काहीच इलाज चालत नाही. तेथे टायरमध्ये बारीक खिळे किंवा स्क्रू बसवावे लागतात. भुसभुशीत बर्फासाठी वल्ह्यासारखे उंच खाचे असलेले टायर लागतात.

बर्फातील एक गोष्ट नवख्यांना चकित करते. सगळीकडे थंडी असूनही गाडीची मोटर तापून निकामी होऊ शकते. दाट बर्फात चाके रुतली की मोटरवर भार फार वाढतो. तिच्यातून जाणारी वीज वाढते, पण गाडी हलत नाही. अशा वेळी ट्रिगर अधिक ओढण्याचा मोह टाळून थांबावे, गाडी हाताने बाहेर काढावी, मोटरला बोट लावून पाहावे. चटका बसत असेल तर विश्रांती द्यावी. आपण थंडीत आहोत म्हणून यंत्रही थंडच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

इंजिनाची सकाळ

काही गाड्या विजेवर न चालता नायट्रोमिथेनमिश्रित इंधनावर चालतात. अशा एकअष्टमांश आकाराच्या गाड्यांची जागतिक स्पर्धेतील अंतिम फेरी तासभर चालते. या इंजिनांत पितळी नळकांड्यात ॲल्युमिनियमचा दट्ट्या बसविलेला असतो आणि नळकांडे वरच्या टोकाकडे किंचित निमुळते असते. इंजिन तापले की दोन्ही प्रसरण पावून योग्य अंतर तयार होते. थंड असताना मात्र दट्ट्या वर घट्ट अडकतो. अशा स्थितीत जोर लावून सुरू केल्यास दांड्यावर ताण येतो आणि इंजिनाचे आयुष्य घटते. म्हणून केस वाळविण्याच्या यंत्राने किंवा खास हीटरने इंजिनाचे डोके आधी गरम करतात.

थंड हवा दाट असते. तिच्यात प्राणवायू अधिक असल्यामुळे त्याच सुईवर इंधनाचे प्रमाण कमी पडते आणि इंजिन आतून नको तितके तापते. यासाठी सुई थोडी मोकळी करून इंधन वाढवावे लागते. उलट थंड वाऱ्याने डोके गार पडू नये म्हणून काहीजण त्यावर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळतात. आत गरम, बाहेर गार अशा दोन टोकांमध्ये तोल साधावा लागतो आणि तो दर दोन तासांनी नव्याने साधावा लागतो, कारण सकाळची आणि दुपारची हवा एक नसते.

घरी परतल्यावर

थंडीतील गाडीचे खरे नुकसान पुष्कळदा शर्यतीनंतर होते. गारठलेली गाडी ऊबदार खोलीत आणली की चष्म्यावर वाफ धरते तशी तिच्या प्रत्येक भागावर वाफ धरते. नियंत्रकात, रिसीव्हरमध्ये, बेअरिंगमध्ये पाण्याचे थेंब साचतात. उपाय सोपा आहे. बॅटरी काढून गाडी बाहेरच एका पिशवीत घालावी, पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि मगच आत आणावी. वाफ पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरते, गाडी सावकाश खोलीच्या तापमानाला येते. त्यानंतर पिशवी उघडून बर्फ-माती पुसावी, बेअरिंगला तेलाचा थेंब द्यावा.

युरोप-अमेरिकेतील रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. त्या रस्त्यावर किंवा वाहनतळावर गाडी चालविली असेल तर हा शिरस्ता त्याच रात्री पाळावा. मिठाचे पाणी बेअरिंग आणि विजेच्या जोडांना फार लवकर गंज आणते. शर्यत जिंकली की हरली याचा विचार उद्यावर टाकता येतो, मिठाचे पाणी पुसण्याचे काम टाकता येत नाही.

मुलाच्या शरीराचीही तीच काळजी. मैदानावर सहा-सात तास काढताना प्रत्यक्ष धावण्याचा वेळ थोडा, उभे राहण्याचा फार. शरीर हलत नसल्याने थंडी लवकर भरते. कपड्यांचे दोन-तीन थर, कोरडे मोजे, टोपी, गरम पेयाचा थर्मास आणि घरचे खाणे बरोबर असावे. जाड हातमोजे घालून ट्रिगर नीट ओढता येत नाही, म्हणून काहीजण हातासकट ट्रान्समीटर झाकणारी पारदर्शक खिडकीची पिशवी वापरतात. बोटे बधिर झाली की गाडीवरचा ताबा जातो. तेव्हा खेळ थांबविण्याचा निर्णय पालकांनी घ्यावा. मूल स्वतः तो सहसा घेत नाही.

दुसऱ्याच्या उलटलेल्या गाडीसाठी

या छंदातील जी प्रथा पालकांनी आवर्जून पाहावी असे मला वाटते ती गाडीत नसून मैदानावर आहे. शर्यतीत गाड्या उलटतात, कठड्याला अडकतात. चालक तर उंच मंचावर उभा असतो; त्याला खाली उतरून गाडी सरळ करता येत नाही. ते काम मार्शल करतात. हे मार्शल पगारी नसतात. अनेक क्लबांत ज्यांची शर्यत नुकतीच संपली त्यांनीच पुढच्या शर्यतीसाठी वळणावळणावर उभे राहायचे, असा दंडक आहे. जो टाळाटाळ करतो त्याची एखादी चांगली फेरी बाद होऊ शकते.

आता हे दृश्य थंडीत आणून पाहा. मुलगा शेवटच्या क्रमांकावर आला आहे. पुढचा दांडा मोडला आहे. बोटे गार आहेत, डोळ्यांत पाणी आहे आणि गरम खोली वीस पावलांवर आहे. तरीही त्याला मोडलेली गाडी बाजूला ठेवून, नारिंगी जाकीट चढवून आपल्या वळणावर जायचे असते. ज्याने त्याला मघाशी मागे टाकले त्याचीच गाडी पुढच्या फेरीत त्याच्या पायाशी उलटू शकते. त्याने धावत जावे, येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवून ती सरळ करावी आणि पुन्हा आपल्या जागी यावे. उशीर करण्याची मुभा नाही, आपला-परका पाहण्याचीही नाही. पाच मिनिटांनी दुसरा कोणी त्याच्यासाठी असाच उभा राहणार असतो. मूल हे काम कुरकुर न करता करू लागले, तर गाडीवर खर्च झालेल्या रकमेचा हिशेब तेथेच जुळला असे मी समजेन.

घ्यावी की नाही?

आता मूळ प्रश्नाकडे. पहिल्या महिन्यात गाडी विकत घेऊ नये. जवळच्या क्लबात मुलाला दोन-तीन संध्याकाळी केवळ पाहण्यासाठी न्यावे. तेथे कोणत्या वर्गाच्या गाड्या चालतात, सुटे भाग कुठे मिळतात, नवख्यांना मदत करणारे कोण आहेत, हे पाहून मगच त्या क्लबात चालणारी साधी गाडी घ्यावी. पुष्कळदा चांगली वापरलेली गाडी अर्ध्या पैशांत मिळते. गाडीइतकाच पैसा चांगल्या चार्जरवर घालावा, कारण स्वस्त चार्जर महाग बॅटरीला आणि घराला दोहोंनाही धोकादायक ठरतो. सुट्या भागांसाठी महिन्याचा आकडा ठरवून द्यावा आणि त्याचा हिशेब मुलाने ठेवावा.

आपल्या महाराष्ट्रात एवढी थंडी पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दव गोठते तेवढेच. तरीही डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि रात्रभर मोटारीच्या डिकीत राहिलेली बॅटरी पहिल्याच फेरीत दम टाकते. अशा वेळी तिला थोडा वेळ खिशात ठेवावे, टायर आणि तेल गरम होईपर्यंत पहिल्या दोन फेऱ्या सावकाश घ्याव्यात. हा नियम कॅनडातील गोठलेल्या तळ्यावर आणि नाशिकच्या मैदानावर एकच आहे.

पुढच्या महिन्यापर्यंत ज्या घरांत अशी गाडी आधीच आहे त्यांनी एवढे करावे : कपाटातील बॅटऱ्या बाहेर काढाव्यात, फुगलेल्या वेगळ्या कराव्यात, उरलेल्यांचा दाब मोजून वहीत लिहावा. हे काम मुलाने करावे आणि मोठ्यांनी शेजारी बसून पाहावे.